एकच बेअरिंग, तीन वेळा

गॅरेजच्या दारावर रीतसर पाटी होती, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. मातीच्या ट्रॅकवर टू-स्ट्रोक गाड्या उडवणारी झाडून सगळी मंडळी त्या जागेला ‘कान’ म्हणत. “इंजिन कुठे दिलंस?” “कानाकडे.” एवढ्यात भागायचं. कान म्हणजे उस्ताद. वय एकाहत्तर, अंगाने काटकुळा, जीभ पट्टीच्या करवतीसारखी, आणि डोक्याच्या उजव्या बाजूला तो जगप्रसिद्ध अवयव.

आता या कानाची महती सांगायची तर थोडं इंजिनात शिरावं लागेल. टू-स्ट्रोकचा क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, दोन बेअरिंगांवर फिरतो. त्यांना वेगळं तेल मिळत नाही. पेट्रोलात मिसळलेलं जे काही तेल अंगावर उडेल त्यावरच त्यांनी दिवस काढायचे. वर इंजिन तापतं ते भट्टीसारखं. त्यामुळे बेअरिंग थंड असताना जरा सैल असावं लागतं, म्हणजे तापून फुगलं तरी त्याला जागा उरते. थंड असताना जे घट्ट, ते तापल्यावर क्रँकचा गळा धरतं. सैल बेअरिंगच्या कडीवर तसा शिक्का असतो, पण नकली माल करणाऱ्यांनाही शिक्के मारता येतात, हे बाजारात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून उस्ताद खोक्यावरचं काही वाचत नसे. नवं बेअरिंग पेट्रोलात धुवायचं, फडक्याने कोरडं करायचं, बोटात अडकवून कानाशी न्यायचं आणि एक टिचकी मारायची. सैल असेल ते खुळखुळतं. घट्ट असेल ते गुपचूप, लोण्यासारखं फिरतं, आणि नवखा माणूस हमखास त्यावरच भाळतो.

नवखे ओळखायची उस्तादाची एक रीत होती. कुणी काम शिकायला आलं की तो त्याला तीन बेअरिंगं ऐकायला देई आणि त्यातलं चांगलं कुठलं ते विचारी. खरं तर तिन्ही वेळा हातात पडायचं ते एकच. उमेदवार पहिलं नापास करायचा, दुसरं नापास करायचा आणि तिसऱ्यावर मोठ्या विचाराने मान डोलवायचा. मग उस्ताद म्हणायचा, “फडकं ठेव, घरी जा.” गॅरेजात बसलेले सगळे खो खो हसायचे, आणि पोरगं कान लाल करून निघून जायचं. सतरा-अठरा जण असे गेले.

फसली नाही ती एकच, त्याची स्वतःची मुलगी. एकोणीस वर्षांची असताना तिने तिसऱ्यांदा टिचकी मारली आणि म्हणाली, “बाबा, हे तेच आहे की.” बापाने पाठ थोपटली नाही. “फडकं धू,” एवढंच म्हणाला. तिने धुतलं, ते पुढची बावीस वर्षं धूतच राहिली.

तिला सगळे ताई म्हणत. इंजिन खोलणं तिचं, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो ओढून काढणं तिचं, इंजिनाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, शेगडीवर तापवायची आणि फ्रीजमध्ये भाजीशेजारी गारठवलेलं बेअरिंग त्यात अलगद सोडायचं, हेही तिचंच. क्रँकच्या दोन टोकांना दोन सीलं, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, बसतात. गिअरच्या बाजूचं गळलं तर इंजिन गिअरचं तेल पितं आणि पांढरा धूर ओकतं. मॅग्नेटोच्या बाजूचं गळलं तर ते बाहेरची हवा ओढतं, कोरडं पडतं आणि जळतं. सीलाचा स्प्रिंगवाला ओठ आतल्या बाजूला ठेवून ती ते नुसत्या अंगठ्यांनी असं बसवायची की बघत राहावं. पण निवड? निवड बापाची. कुठलं बेअरिंग, कुठलं सील, हे तो ठरवणार आणि ती समोर फडकं घेऊन उभी राहणार. पूर्वी ती त्याच्या शेजारी उभी राहायची. चार वर्षांपूर्वी त्याने तिला टेबलाच्या पलीकडे, खिडकीच्या तोंडाशी उभं केलं. “बाजूला उभी राहून उजेड अडवतेस,” म्हणाला. ती गेली. बापाच्या कटकटीचा हिशेब कोण ठेवतो?

त्याला ऐकू येत नाही हे तिला गेल्या वर्षी कळलं. मोरीत नळ धो धो वाहत होता आणि हा दोन हातांवर शांतपणे दाढी करत होता. मागून हाक मारली तर ओ नाही, समोरून मारली तर खेकसायचा, “बहिरा नाहीये मी!” पन्नास वर्षं त्या किंचाळणाऱ्या इंजिनांजवळ काढल्यावर कान शाबूत राहतीलच कसे? तिला गंमत वाटली, आणि गंमत संपल्यावर कोडं पडलं. ऐकू येत नाही, तरी याची निवड बरोबर कशी येते? इतक्या वर्षांत एक इंजिन परत आलं नव्हतं. बोटांना कळत असेल, असं तिने ठरवून टाकलं. पण ही गोष्ट ती कुणाला बोलली नाही. दारूगोळा जपून ठेवावा तशी तिने ती जपून ठेवली.

मग टोळाचं इंजिन आलं. टोळ म्हणजे ट्रॅकवरचा सगळ्यात उंच उडणारा गडी. पाय लांबलचक, म्हणून ते नाव. त्या दिवशी सकाळीच कुणीतरी सहज विचारलं होतं, “उस्ताद, तुमच्या मागे हे सगळं ताईच बघणार ना?” उस्ताद हसला. “ही? ही फडकी छान धुते.” सहा माणसं दात काढत होती आणि ती त्यांच्यात उभी राहून फडकं पिळत होती. तिच्या मनात त्या क्षणी बापाबद्दल जे आलं ते कुठल्याही मुलीच्या मनात येऊ नये, पण आलं.

त्यानंतर अर्ध्या तासात उस्तादाने टोळाचं दुसरं बेअरिंग कानाशी नेलं. टिचकी मारली. टेबलापलीकडून ताईला स्पष्ट ऐकू आलं, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. बेअरिंग चिडीचूप फिरलं. घट्ट, नकली, वर खऱ्यासारखा शिक्का मारलेलं. आणि तिला मनापासून आनंद झाला. चुकला! अखेर म्हाताऱ्याचा कान चुकला! आता हे इंजिन पहिल्याच चाचणीत अडकेल, परत येईल आणि सगळ्यांसमोर हा तोंडघशी पडेल. विचारलं तर सांगीन, ती स्वतःशी म्हणाली. बावीस वर्षांत विचारलंय का कधी? उस्तादाने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि ते बेअरिंग पास केलं.

इंजिन चाचणीत अडकलं नाही. अडकलं ते शर्यतीत, टोळ हवेत असताना. मागचं चाक जाम झालेली गाडी जमिनीवर आली ती टोळाला घेऊनच, आणि मग त्याच्यावर. डावा पाय तीन ठिकाणी मोडला. गुडघा पुन्हा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

उस्तादाने ते इंजिन दार लावून एकट्याने खोललं. बाहेर आला तो हातात मॅग्नेटोकडचं सील घेऊन. “उलटं बसवलंय हिने,” जमलेल्या लोकांना तो म्हणाला. “ओठ बाहेरच्या बाजूला. हवा ओढली, जळलं.” एवढं बोलून खापर फोडलं आणि हात धुवायला गेला. हजारभर सीलं बसवलेली बाई उलटं सील बसवेल? पण कानाने सांगितलं म्हटल्यावर कोण तिचं ऐकणार? त्या दिवसापासून गाडी ठेवायला येणारा प्रत्येक जण मधाळ आवाजात म्हणू लागला, “ताई, सील तेवढं उस्तादांनाच बसवू द्या हं.” कुण्या विनोदवीराने तिच्या हत्यारांच्या पेटीवर एक जुनं सील चिकटवलं आणि रंगाने बाण काढून लिहिलं, ‘ही बाजू आत’. ती ते खरवडून काढी, आठवड्याने दुसरं चिकटलेलं असे.

भंगाराच्या डब्याच्या तळाशी तिला ते बेअरिंग सापडलं. तापून निळं पडलेलं, गोट्या करपलेल्या. तिने ते एका मोज्यात घालून खणात ठेवलं. तिला गॅरेज नको होतं, पाटी नको होती. बापाने चार लोकांसमोर म्हणावं, ‘सील बरोबर होतं, चूक माझी होती,’ एवढंच तिला हवं होतं. आणि तो मागून देणारा नव्हता, हे ती जाणून होती.

सात महिन्यांनी टोळ कुबडी टेकत आला. गाडी आता त्याची बहीण चालवणार होती. क्रँक नवा, केस दुरुस्त झालेली, फक्त बेअरिंगं आणि सीलं निवडून बसवायची बाकी. सकाळची वेळ, शर्यतींचा हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे गॅरेजात आठ-दहा जण बसलेले. सुटे भाग विकणारा स्वतः सहा बेअरिंगं घेऊन आला होता आणि दाराशी स्टुलावर पाय हलवत बसला होता.

“उस्ताद, या वेळी सील तुमच्या हातचं,” टोळ म्हणाला. ताई समोर होती, पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

“माझ्याच हातचं,” उस्ताद म्हणाला. “ही नुसतं फडकं धरेल.”

“धरते ना,” ताई म्हणाली.

तिने खोकी आतल्या मोरीवर नेली, एक बेअरिंग धुतलं, कोरडं केलं आणि आणून बापाच्या हातात दिलं. ते चांगलं होतं, अगदी हवं तसं खुळखुळणारं. उस्तादाने ते कानाशी धरलं. सगळे गप्प झाले. इथे सगळे नेहमीच असे गप्प होत. त्याने टिचकी मारली. ताई धास्तावून, कपाळ आवळून त्याच्याकडे बघत होती.

“नाही,” उस्ताद म्हणाला. “हे दबून बोलतंय.”

ती आत गेली, तेच बेअरिंग पुन्हा पेट्रोलात बुडवलं, पुसलं आणि बाहेर आणलं. आता ओळखेल, तिला वाटलं. वजनावरून ओळखेल, ओलाव्यावरून ओळखेल, त्याचाच तर डाव आहे हा. ती घाबरून त्याच्यासमोर उभी राहिली.

टिचकी. उस्तादाने डोळे वर करून पाहिलं. “हेही नाही. काय कचरा भरलाय बाजारात!”

सुटे भाग विकणाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “उस्ताद, माल अस्सल आहे हो.”

उस्तादाला ते ऐकू गेलं नाही. तो ताईची वाट बघत होता.

तिसऱ्यांदा ती बाहेर आली तेव्हा तिची भीती पार गेली होती. डाव साधला होता. तेच बेअरिंग तिने त्याच्या तळहातावर ठेवलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा तिला आतून मोकळं, हलकं वाटलं. हसू ओठांवर येऊ नये म्हणून तिने दात आवळले, तरी ते डोळ्यांत आलंच.

टिचकी. “हे!” उस्ताद म्हणाला. “आता कसं, गळा मोकळा सोडून बोलतंय. ऐक रे.” त्याने ते टोळाच्या कानाशी धरलं. टोळाने कुबडी सावरत ऐकलं आणि गंभीरपणे मान डोलवली. त्याला काय कळलं ते त्याचं त्याला ठाऊक.

“आण आता दुसऱ्या बाजूचं,” उस्ताद म्हणाला.

“दुसरं काढलेलंच नाही, बाबा.”

“म्हणजे?”

तिने मोरीवरची खोकी आणून एकेक करून टेबलावर मांडली. पाच. पाचही बंद, चिकटपट्टीसकट. सहावं तेवढं रिकामं. सगळ्यात आधी सुटे भाग विकणाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याला तर खुन्नस काढायचीच होती. “अरे, सहातलं एकच उघडलंय! तेच तीनदा ऐकलं यांनी!”

हसण्याचा असा काही भडका उडाला की टेबलावरचे पाने थरथरले. ज्यांना या माणसाने वर्षानुवर्षं पोरासोरांसारखं झापलं होतं ते मांड्या थोपटून हसत होते. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “उस्ताद, फडकं ठेव, घरी जा!” उस्तादाची तिकडे पाठ होती. तो ढिम्म. तो वळत नाही हे बघून हसणं दुप्पट झालं. मग एकाने त्याच्या पाठीमागे जाऊन टाळ्या वाजवल्या, एकाने शिट्टी मारली, एकाने बारीकशी शिवी हासडली. उस्ताद फक्त समोरची हसरी तोंडं बघत उभा होता आणि ती कशाला हसतायत याचा अंदाज घेत होता. ताईने कुणालाही थांबवलं नाही. तिला ते अमृतासारखं लागत होतं.

हसणं ओसरल्यावर तिने मोजा आणला आणि ते निळं पडलेलं बेअरिंग टेबलावर ठेवलं. बापाला तोंड दिसेल असं समोर उभी राहून, एकेक शब्द सुटा करून बोलली. “टोळाच्या इंजिनातलं आहे हे. तुम्ही भंगारात लपवलंत. सील बरोबर होतं. बहिऱ्या कानाने हे निवडलंत आणि माझं नाव घेतलंत. म्हणा आता, चूक माझी होती. एवढंच म्हणा.”

टोळाने ते बेअरिंग उचललं. करपलेल्या गोट्यांवरून अंगठा फिरवला. “उस्ताद,” तो म्हणाला, “माझा पाय तुमच्यामुळे गेला?”

उस्तादाने त्याचे ओठ वाचले. खुर्ची ओढून तो बसला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, मोठा आणि कोरडा.

“चार वर्षं झाली, मला या कानाने काही ऐकू येत नाही. इंजिनाचं नाही, बेअरिंगचं नाही. मग चार वर्षं निवडतोय कोण? ही. हिच्यासारखा कान मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. एकोणिसाव्या वर्षीच कळलं होतं मला. बेअरिंग खोटं असलं की हिच्या कपाळावर आठी पडते. खरं असलं की आठी जाते. हिला स्वतःला ठाऊक नाही. म्हणून हिला समोर उभी करतो, उजेडात. बेअरिंग कानाशी धरतो आणि हिचं कपाळ वाचतो.”

कुणी हसलं नाही.

“आज दोनदा आठी होती. तिसऱ्यांदा नव्हती.” त्याने मान टोळाकडे वळवली. “तुझं बेअरिंग घेतलं त्या दिवशीही नव्हती. कपाळ कोरं. खूश दिसत होती. इंजिन खोलल्यावर मला कळलं, हिने ते ऐकलं होतं. ऐकून खूश झाली होती. सीलाचं मी खोटं बोललो. पण नाव बरोबर माणसाचं घेतलं.”

चार वर्षं ताईचाच कान चालत होता. अख्खा ट्रॅक ज्याला मान देत होता तो कान तिचा होता, आणि बापाने एकदा, एकदाही ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने फडकं फेकून ओरडून सांगितलं असतं, बाबा, ते घेऊ नका. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि आठ-दहा माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती.

टोळ कुबडी ठोकत तिच्यापुढे येऊन थांबला. “ताई,” तो म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी त्याने तिच्याशी नजर मिळवली होती. “त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का?”

“नाही,” ती ताबडतोब म्हणाली. “मला काही कळलं नव्हतं. तो वेडाय. मला खरंच काही—”

उस्तादाला यातला शब्द ऐकू आला नव्हता. तो तिच्या ओठांकडे बघतच नव्हता. त्याची नजर वर, कपाळावर होती.

“पडली,” तो म्हणाला. “बघा, पडली.”

सगळ्यांनी पाहिलं. तिने हात वर नेला, पण उशीर झाला होता. टोळाने बापलेकीला मिळून एक शिवी दिली, केस आणि क्रँक पोत्यात भरून मागितले आणि दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन निघून गेला. सुटे भाग विकणाऱ्याने पाच खोकी उचलली. सहावं, उघडलेलं बेअरिंग त्याने टेबलावरच सोडलं. तासाभरात गॅरेज रिकामं झालं.

आता निवड ताई करते. करण्यासारखी इंजिनं फारशी येत नाहीत. येतात ती लांबची, ज्यांच्या कानावर अजून काही गेलेलं नाही अशांची. ती बेअरिंग धुते, पुसते, कानाशी नेते आणि टिचकी मारते. उस्ताद टेबलापलीकडे स्टुलावर बसलेला असतो. त्याला काही काम नाही. बेअरिंगकडे तो ढुंकूनही बघत नाही, दिवसभर तिच्या कपाळाकडे बघत बसतो. जेवताना बघतो. भाजी कशी झालीय, पाठ दुखते का, औषध घेतलंस का, काही विचारायचं असलं की विचारतो, आणि ती जे सांगते ते ऐकायची त्याला गरज उरलेली नाही.

एका सकाळी तिने हातातलं फडकं घडी करून कपाळावर घट्ट बांधलं, पार भुवयांपर्यंत, आणि कामाला बसली.

“ते काढ,” उस्ताद म्हणाला. “मला दिसत नाही.”

तिने ऐकू न आल्यासारखं केलं. बेअरिंगला टिचकी मारली. तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्या डोक्यामागची गाठ सोडू लागला. ती हलली नाही. बेअरिंग अजून तिच्या कानाशी खुळखुळत होतं.